यादीतलं बारावं नाव

दिनू, तू बारा म्हणालास. पडद्यावरची बाई अकरा म्हणाली होती. हे मी आजही म्हणतो. तुला जाऊन उद्या एकवीस दिवस होतील. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात, पण आपला हा वाद अर्ध्यात राहिलाय आणि त्यातली माझी बाजू आता माझ्याच हातात नीट राहत नाही. रोज पहाटे जाग येते आणि मी मनात अकरापर्यंत मोजतो. मग थांबतो.

तू कधी जन्मलास, कुठं राबलास, मागे कोण कोण आहे, हे शोकसभेत बोलून झालं. बोलणाऱ्यानं तुझी कोइमतूरच्या फौंड्रीतली वर्षं पाच सांगितली. सात होती. मी उठणार होतो. आमच्या हिनं माझा शर्ट मागून धरून ठेवला आणि हळूच म्हणाली, आज तरी बसा. मी बसलो. पण पुढचं भाषण मला ऐकू आलं नाही, सातच डोक्यात फिरत राहिले.

आपली ओळखच तक्रारीतून झाली. मी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरच्या नियंत्रण कक्षात बसून गाड्यांची घोषणा करायचो. तू फौंड्रीच्या दुसऱ्या पाळीला निघाला होतास. खिडकीत वाकून म्हणालास, "ओ कंट्रोलर, गाडी सुटायची सांगताय का मयत निघायची? जरा दम टाकून बोला की." मला राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र मी दम टाकून बोललो. तू लांबून हात वर केलास. तेव्हापासून मी तुझा कंट्रोलर झालो, तो शेवटपर्यंत.

फिल्म मंडळात तूच मला ओढलंस. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शाळेच्या सभागृहात. मला सिनेमातलं काही कळत नव्हतं, पण नोंदी ठेवता येत होत्या, म्हणून चिटणीस झालो. कुठला सिनेमा, किती रिळं, किती वाजता सुरू, किती वाजता संपला, किती माणसं, हे सगळं माझ्या वहीत. तू रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून पत्र्याचे डबे सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचास. नखांत साच्याची काळी वाळू असायची, आणि त्याच हातांनी तू फिल्मची कड अशी धरायचास की बोटाचा ठसा उमटू नये.

माझी बदली गडहिंग्लजला झाली ती चौदा महिन्यांसाठी. त्या चौदा महिन्यांत तू दर सिनेमानंतर एका कागदावर सगळी गोष्ट लिहून कंडक्टरच्या हाती माझ्याकडं पाठवायचास, मी मुकायला नको म्हणून. चौदातले तेरा कागद माझ्याकडं आहेत. एक कंडक्टरनं हरवला. परवा ते तेरा काढून वाचले. त्यात कुठंही आकडा चुकलेला नाही. किती माणसं, किती वर्षांनी, कितवं रीळ, सगळं बरोबर. साच्यात सुताएवढा फरक पडला तर पुरा साचा मोडून नव्यानं घालणारा माणूस तू. असा माणूस आकडा सहज चुकत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

त्या तमिळ सिनेमाचं सांगतो. नव्वदीचा मध्य असेल. खाली इंग्रजी ओळी असलेली प्रत येणार असं पत्र होतं. शनिवारी डबे उघडले तर ओळी नव्हत्या. नुसती तमिळ. सोमवारी प्रत सांगलीला जायची होती. मी म्हणालो, कार्यक्रम रद्द करू, फलक लावतो. तू म्हणालास, "रद्द कशाला? म्या सांगतो की मराठीत. माईक तेवढा मागं घेऊन दे."

शनिवारी दुपारी तू तो सिनेमा रिकाम्या सभागृहात एकट्यानं पाहिलास. मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी खिडकीत आलास, सिनेमाबद्दल एक शब्द बोलला नाहीस, नेसरीकडची गाडी कितीला एवढंच विचारलंस. मी वेळ सांगितली. रविवारी दुपारी परत आलास ते एका म्हाताऱ्या बाईला घेऊन. "माझी आत्या, हौसा आत्या," म्हणालास आणि तिला दुसऱ्या रांगेत कडेला बसवलंस. मी विचारलं, त्यांना सिनेमाची आवड आहे का? तू म्हणालास, आजवर एकपण बघितलेला न्हाई.

सुरुवातीलाच पाटी होती आणि ती तू वाचून दाखवलीस, की ही गोष्ट घडलेली आहे. नदीकाठचं गाव. गावाबाहेर मजुरांची वस्ती. त्यांच्या मयताला गावातल्या रस्त्यानं जायला मनाई, म्हणून तिरडी नदीतून न्यायची. एका दिवशी पाणी चढतं आणि तिरडीबरोबरची अकरा माणसं वाहून जातात. चौकशी होते. कागदावर आकडा न देता लिहिलं जातं की माणसांनी स्वतःच हलगर्जी केली. त्यातल्या एकाची विधवा कोर्टात जाते. वकील तिला पुन्हा पुन्हा विचारतो, किती गेले, आकडा सांग. ती म्हणते, मी नावं सांगते, मोजायचं काम तुम्ही करा.

मग तिनं एकेक नाव घेतलं. नावांचं भाषांतर करायचं नसतं, पण तू प्रत्येक नाव तिच्यामागून माईकवर म्हणत होतास. मी सवयीनं बोटांच्या पेरांवर मोजत होतो. अकरावं झालं, बाई थांबली. तू थांबला नाहीस. तू आणखी एक नाव घेतलंस. "लक्ष्मी." त्यानंतर न्यायाधीशानं विचारलं आणि बाईनं आकडा सांगितला, पदिनोन्नु. तू म्हणालास, "बारा."

सभागृहात माणसं एकशे त्रेसष्ट होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण आमच्या घरात कन्नड बोलतात, आणि तू कोइमतूरहून आल्यावर आपण चहाच्या टपरीवर एक ते वीस मोजून बघितलं होतं, तुझं तमिळ आणि माझं कन्नड. अकराला मी हन्नोंदु म्हटलं होतं, तू पदिनोन्नु. तू म्हणाला होतास, चुलत भाऊ हायत रे हे. तो चुलत भाऊ मी अंधारात ओळखला.

सिनेमा संपल्यावर माणसं उठली. तुझी आत्या सभागृह रिकामं होईपर्यंत पदर धरून बसून होती. खुर्च्या मिटताना मी तुझ्याजवळ आलो आणि सांगितलं की अकरा होते, तू बारा म्हणालास. तू माईकची वायर गुंडाळत होतास. "व्हय?" म्हणालास. "चुकलं आसंल." मी विचारलं, जादा नाव कुठलं? तू वर न बघता म्हणालास, "लक्ष्मी."

मी घरी जाऊन वहीत लिहिलं: 'निवेदनात दुरुस्ती. मृतांची संख्या अकरा. बारा असे सांगितले गेले. "लक्ष्मी" हे नाव चित्रपटात नाही.' खाली सही केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पुढच्या महिन्यात सिनेमाच्या आधी मी माईकवर जाऊन ती दुरुस्ती सगळ्यांना वाचून दाखवली. मागून कुणीतरी ओरडलं, "कंट्रोलर, गाडी एक मिनिट लेट झाली म्हणा की!" लोक हसले. तू तिसऱ्या रांगेत होतास. तू हसला नाहीस, रागावलासही नाहीस, स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत बसलास. त्यानंतर तू माईक हातात घेतला नाहीस. डबे आणलेस, खुर्च्या मांडल्यास, कागद लिहिलेस. माईक नाही. मी दोनदा म्हणालो, माईक घे. तू म्हणालास, घसा बरा न्हाई.

मला वाटत होतं मी योग्यच केलं. खरं सांगायचं तर अजून वाटतं. ज्या सिनेमात सरकार आकडा दडपतं, त्याच सिनेमाचा आकडा आपण चुकवायचा? आपण यावर किती वेळा भांडलो असू. टपरीवर, तुझ्या दारात, एकदा तर माझ्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत. तू म्हणायचास, एक माणूस जास्त मेला म्हणून तुझ्या सरकारचं काय गेलं? मी म्हणायचो, सरकार माझं नाही. ते अकरा खरे होते. त्यांच्यात एक खोटा बारावा घातला तर उद्या कुणीही म्हणेल की अकराही खोटेच.

"खोटा बारावा," तू म्हणालास. नुसते माझेच शब्द. मग बशीतला चहा संपवलास आणि पाळीला निघून गेलास. तो शेवटचा वाद. मी जिंकलो असं मला वाटलं, दिनू. घरी येऊन हिला सांगितलंसुद्धा.

तुझ्या जलदान विधीला आलो. वंदना झाली, गाथा झाल्या, मंडळी जेवायला बसली. सुनंदा वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. हौसा आत्या भिंतीला टेकून बसली होती. वहिनी तिला म्हणाल्या, आत्या, हे कंट्रोलर भाऊजी, सिनेमाची वही ह्यांच्याकडंच असते. आत्यानं माझा हात धरला. हाताची पकड अजून घट्ट आहे.

"म्हंजे तुमच्या वहीत आसंल की," ती म्हणाली. "लक्ष्मीचं नाव."

कुठली लक्ष्मी, मी विचारलं.

"दिनूची आई. माझी भावजय."

तुझ्या घरी मी सतरा वर्षं येत होतो. भिंतीवर तुझ्या वडिलांचा फोटो होता. आईचा नव्हता. मी कधी विचारलं नाही. सगळ्या जगाच्या वेळा विचारणारा माणूस मी.

आत्यानं सांगितलं ते तुला माहीत आहे. तू सात वर्षांचा होतास आणि खाटल्याच्या मागून चालत होतास. तरीही मी लिहितो, कारण कुणीतरी लिहायला पाहिजे. लक्ष्मी रात्रीपासून अडली होती. सकाळी तिला खाटल्यावर घालून फाट्यावर न्यायचं ठरलं, तिथं गडहिंग्लजची गाडी थांबायची. खाटल्याला चार पाय. तीन पुरुष मिळाले, चौथ्या पायाला हौसा आत्या लागली, तेव्हा ती विशीत होती. फाट्याची सरळ वाट गावातल्या गल्लीतून. गल्लीच्या तोंडाला दोघं उभे होते. त्यांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. आत्या म्हणते, नीट बोलले. रीत होती की वस्तीतलं खाटलं आणि तिरडी गल्लीतून जायची नाही, ओढ्याकडून वळसा घालून जायची. तेवढीच त्यांनी आठवण करून दिली.

"धर्म बदलून चार वर्सं झालती," आत्या म्हणाली. "खाटल्याची वाट तीच व्हती. वड्याच्या पल्याड गेलो आन् ती गेली. गाडी दिसत हुती लांबनं, उभी."

गाडी उभी होती, दिनू. मी त्या खात्यात जन्म काढला.

कुणी काही लिहिलं का, मी विचारलं. पोलीसपाटील, तलाठी, दवाखाना?

"कोन लिवनार? बाळातपणात बाई मेली म्हणले. पर दिनूनं नाव घेतलं न्हवं त्या दिशी, कोरटात. मोठ्या कर्ण्यातनं. समदी शानीसुरती मानसं गप बसून ऐकत हुती." मग माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, ती म्हणाली, "सिनेमा हुता ते मला कळतंय पावणं, खुळी न्हाई म्या. पर नाव घेतलं ते खरं न्हवं? तुमच्या वहीत हाय न्हवं?"

तू तिला माझी दुरुस्ती कधी सांगितली नव्हतीस. इतकी वर्षं सांभाळलंस. माझ्यासाठी की तिच्यासाठी, हे आता कुणाला विचारू?

मी म्हणालो, "हाय."

ते खोटं नव्हतं. नाव वहीत आहेच, माझ्या अक्षरात, अवतरणचिन्हांत, पुढं 'चित्रपटात नाही' असं लिहिलेलं. बहुतेक साऱ्या दुनियेत तिचं नाव लिहिलेली तेवढी एकच ओळ आहे, आणि ती मी तिला खोडण्यासाठी लिहिली. आयुष्यात इतकं खरं बोलून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मग एकदा वाचून दावा," आत्या म्हणाली. "म्या रविवारी गावाला जानार हाय. या तिकडंच."

गेल्या रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. वही पिशवीत. तुझ्या फाट्यावर उतरलो आणि घड्याळ बघून गल्लीतून चालायला लागलो. सिमेंटची आहे आता. मधे एका दुकानाच्या पायरीवर दोघं बसले होते. तरण्यानं विचारलं, कुणाकडं पावणं? मी म्हणालो, चालायला आलोय. तो म्हणाला, कोल्हापुरातले रस्ते सपले व्हय? मग माझ्या हातातली वही बघून जरा सावरून बसला. रुंदीकरणाची मोजणी हाय काय, म्हणाला. मी नाही म्हटलं आणि विचारलं, पूर्वी ही गल्ली कुणाला बंद होती का? "छ्या, गल्ली काय कुणाच्या बापाची हाय? पहिल्यापासनं मोकळीच." त्याच्या शेजारचा म्हातारा ऐकत होता. मी निघालो तेव्हा मी न विचारताच म्हणाला, "वड्याकडनं बी वाट हाय. आता मोडलीया."

गल्लीतून आत्याच्या दारापर्यंत सात मिनिटं. तिच्या दारातून ओढ्याकडून वळसा घालून परत फाट्यावर एकेचाळीस. वाट खरंच मोडलीय, पण सापडते. ओढा कोरडा होता, ऊन स्वच्छ होतं आणि माझ्या खांद्यावर कुणी नव्हतं. त्यामुळं एकेचाळीस हा कमीत कमी आकडा समजायचा. ओढा ओलांडून वर आलं की फाटा दिसतो. एक गाडी उभी होती, ती माझ्यादेखत सुटली. मी तिथं किती वेळ उभा राहिलो ते मात्र मोजलं नाही.

परत येऊन आत्याच्या सोप्यात बसून वही उघडली. जुनी ओळ खोडली नाही. केलेली नोंद खोडायची नसते, आणि दिनू, तुझं ते मला आजही पटत नाही. ती त्या अकरांतली बारावी नव्हे. ते अकरा त्यांच्या गावचे, त्यांच्या नदीचे. तिला त्यांच्या रांगेत शेवटी उभं का करायचं? मी नवं पान घेतलं. वर तुझ्या गावाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं:

'१. लक्ष्मी, दिनकरची आई. बाळंतपणात अडल्यामुळे फाट्यावर नेत असता गल्लीतून वाट दिली नाही. गल्लीतून सात मिनिटे. ओढ्याकडून किमान एकेचाळीस. फरक चौतीस मिनिटे. खाटल्याचा चौथा पाय धरणाऱ्या हौसाबाई यांनी सांगितल्यावरून.' खाली सही.

आत्याला वाचून दाखवलं. चौतीस मिनिटं म्हणजे किती, तिनं विचारलं. मी सांगितलं, चुलीवर भात शिजतो तेवढा वेळ.

"तेवढंच व्हतं?" ती म्हणाली. "मला वाटतंय दीसभर चाललो आमी."

तेवढ्यात ती वाचली असती का, हे तिनं विचारलं नाही. मग तिनं पानावर बोट ठेवलं, एक या आकड्यावर. आकडा तिला वाचता येतो.

"येकच लिवलाय," ती म्हणाली. "लिवा म्होरं."

मला आधी कळलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती, खुळ्याकडं बघावं तशी. पुढं म्हणजे? मग ती सांगायला लागली आणि मी पेनाचं टोपण काढलं. केरबा, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, खाटल्यावरच गेला. त्याची वाट तीच. यल्लव्वा, हिवतापाची. यशवंताचा बाप, त्याला फाट्यापर्यंत नेलं, पण गाडी गेली होती. मी प्रत्येकाचं साल विचारलं. तिला सालं येत नाहीत, तिला पिकं आठवतात. त्या वर्षी शाळू आला होता, त्या वर्षी नव्हता. मी तेच लिहिलं.

पाचवी एक सून होती, लग्न होऊन येऊन चार महिने झालेली. आत्याला तिचं लुगडं आठवतं, माहेर आजऱ्याकडचं होतं ते आठवतं, नाव आठवत नाही. शेवटी म्हणाली, "दिनूला ठावं व्हतं. त्यो इचारायचा मला सारखा, समद्यांची नावं."

मी पाच लिहिलंय. पुढची ओळ रिकामी आहे. काल सुनंदा वहिनींकडं जाऊन तुझी ट्रंक उघडली, कोइमतूरची पत्रं, सिनेमाचे कागद, सगळं एकेक करून चाळलं. सापडलं नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. आकडा मी घातलाय, दिनू. नाव तुझ्याकडं आहे.